ई-ग्रंथांची ग्रंथालयीन देवघेव आणि डिजिटल हक्क व्यवस्थापनाची किंमत

प्रस्तावना

ग्रंथांचा संग्रह करणे, त्यांचे जतन करणे आणि ते वाचकांस उपलब्ध करून देणे ही ग्रंथालयाची तीन मूलभूत कार्ये मानली जातात. छापील ग्रंथाच्या बाबतीत या तिन्ही कार्यांचा पाया एकच आहे, तो म्हणजे खरेदी. ग्रंथ विकत घेतला, दाखल नोंदवहीत त्याची नोंद झाली आणि त्यावर दाखल क्रमांक पडला, की तो ग्रंथालयाच्या मालकीचा होतो. त्यानंतर तो किती वाचकांना द्यावा, किती वर्षे ठेवावा आणि केव्हा बाद करावा, हे ग्रंथालय ठरविते. प्रकाशकाचा त्यात संबंध राहत नाही.

ई-ग्रंथाच्या आगमनाने हा पायाच बदलला आहे. ई-ग्रंथ बहुधा विकला जात नाही. त्याच्या वापराचा परवाना दिला जातो आणि त्या परवान्याच्या अटी संगणकीय कुलपाद्वारे अमलात आणल्या जातात. या कुलपास डिजिटल हक्क व्यवस्थापन किंवा डीआरएम असे म्हणतात. ई-ग्रंथांच्या देवघेवीत या व्यवस्थेची किंमत कोणती, ती कोण मोजतो आणि ती टाळता येण्याजोगी आहे काय, या प्रश्नांचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्यात आले आहे. अमेरिकेतील ग्रंथालयांकडे या देवघेवीचा दीर्घ व नोंदविलेला अनुभव असल्यामुळे तो प्रामुख्याने विचारात घेतला आहे. शेवटी भारतीय कायदा व महाविद्यालयीन ग्रंथालये यांच्या संदर्भात त्याचा अर्थ पाहिला आहे.

डिजिटल कुलपाचे कार्य

ग्रंथालयीन देवघेवीत दीर्घकाळ वापरात असलेली अडोबी कंपनीची व्यवस्था उदाहरणादाखल घेता येईल. ग्रंथाची फाइल सांकेतिक लिपीत रूपांतरित केली जाते. ती उलगडणारी किल्ली वाचकाच्या नोंदणीकृत ओळखीशी बांधली जाते आणि परवान्यात मुदतीची तारीख लिहिली जाते. वाचक ग्रंथ मागतो तेव्हा त्याच्या उपकरणावर प्रथम एक लहान फाइल येते. तिच्या आधारे वाचनाची आज्ञावली सर्व्हरकडून ग्रंथ व परवाना मिळविते. मुदत संपताच ग्रंथ उघडेनासा होतो आणि ग्रंथालयाच्या नोंदीत ती प्रत पुढील वाचकासाठी मोकळी होते.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. परवाना व कुलूप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवाना हा करार असून किंमत, मुदत व देवघेवीची संख्या त्यात ठरते. कुलूप ती मर्यादा पाळावयास भाग पाडते. ई-ग्रंथ महाग असण्याचे कारण केवळ कुलूप आहे असे म्हणणे बरोबर ठरणार नाही. तथापि कुलूप नसते तर त्या अटींची अंमलबजावणी करणे प्रकाशकास जवळजवळ अशक्य झाले असते. म्हणून दोहोंचा खर्च एकत्रितपणेच पाहावा लागतो.

मालकीकडून परवान्याकडे

छापील ग्रंथावरील ग्रंथालयाच्या हक्कामागे एक जुना न्यायनिर्णय आहे. अमेरिकेतील बॉब्ज-मेरिल या प्रकाशनसंस्थेने 'द कास्टअवे' नावाच्या कादंबरीच्या प्रतींमध्ये अशी सूचना छापली होती, की हे पुस्तक एक डॉलरपेक्षा कमी किमतीस विकता येणार नाही. विकल्यास तो हक्कभंग समजला जाईल. मेसीज या विक्रीकेंद्राने ते ८९ सेंट्सना विकले. १९०८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने प्रकाशकाचा दावा फेटाळला. प्रत एकदा विकली गेल्यावर तिच्या पुढील विक्रीवर अट लादण्याचा अधिकार प्रतिमुद्राधिकारातून मिळत नाही, असे हे तत्त्व आहे. त्यास प्रथम विक्रीचे तत्त्व म्हणतात. पुढे ते अमेरिकेच्या कायद्यात समाविष्ट झाले. ग्रंथालयांची देवघेव व जुन्या पुस्तकांची दुकाने याच तत्त्वावर उभी आहेत.

ई-ग्रंथाला मात्र हे तत्त्व लागू होत नाही, असे दोन कारणांनी घडले. पहिले म्हणजे व्यवहार विक्रीचा नसून परवान्याचा असतो. दुसरे म्हणजे डिजिटल वस्तू हस्तांतरित करताना तिची नवी प्रत तयार होते आणि प्रत काढणे हा हक्कधारकाचा स्वतंत्र अधिकार आहे. संगीताच्या वापरलेल्या डिजिटल फाइल्स विकणाऱ्या रेडिजी कंपनीविरुद्धच्या खटल्यात अपील न्यायालयाने २०१८ साली दुसरे कारण मान्य केले. त्याशिवाय १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट अधिनियमाने कुलूप तोडणे हाच स्वतंत्र अपराध ठरविला.

या घडामोडींचा एकत्रित अर्थ लक्षात घेण्यासारखा आहे. १९०८ साली पुस्तकाच्या पानावर छापलेली जी अट न्यायालयाने निष्प्रभ ठरविली, त्याच प्रकारची अट शतकभरानंतर फाइलमध्ये लिहिली गेली. तिच्या अंमलबजावणीसाठी प्रकाशकाला न्यायालयात जाण्याचीही आवश्यकता उरली नाही.

खर्चाचे स्वरूप

१) पुनर्खरेदीचा खर्च : फेब्रुवारी २०११ मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने ग्रंथालयांना द्यावयाच्या ई-ग्रंथांवर २६ देवघेवींची मर्यादा जाहीर केली. दोन आठवड्यांची मुदत धरल्यास २६ वेळा ग्रंथ देण्यास बरोबर एक वर्ष लागते. छापील ग्रंथ जीर्ण होतो, म्हणून ई-ग्रंथालाही आयुष्यमर्यादा असावी, असा त्यामागील युक्तिवाद होता. त्यास उत्तर म्हणून ओक्लाहोमा राज्यातील एका ग्रंथालय यंत्रणेने त्याच प्रकाशकाचे २६ हून अधिक वेळा दिलेले आणि तरीही सुस्थितीतील छापील ग्रंथ चित्रफितीद्वारे लोकांसमोर मांडले.

मार्च २०१२ मध्ये रँडम हाउसने ग्रंथालयांसाठी ई-ग्रंथांच्या किमती मोठ्या प्रमाणावर वाढविल्या. काही ग्रंथांच्या किमती तिप्पट झाल्या. त्या बदल्यात ग्रंथ कायमस्वरूपी मिळत असे. पेंग्विन व रँडम हाउस यांच्या विलीनीकरणानंतरच्या कंपनीने २०१८ मध्ये हे कायमस्वरूपी परवानेही दोन वर्षांच्या परवान्यांत बदलले आणि किमती काहीशा कमी केल्या. २०१९ मध्ये हॅशेटनेही दोन वर्षांची पद्धत स्वीकारली.

मॅकमिलनने २०१९ साली जाहीर केलेल्या दरांवरून या पद्धतीचा आर्थिक परिणाम मोजता येतो. दोन वर्षांच्या एका परवान्यास ६० डॉलर पडत. म्हणजे दर न वाढल्यास दहा वर्षे एकच प्रत ठेवण्यासाठी पाच परवाने, अर्थात ३०० डॉलर लागतील. चौदा दिवसांच्या मुदतीने दोन वर्षांत जास्तीत जास्त ५२ वाचकांना ग्रंथ देता येतो; तेव्हा प्रत्येक देवघेवीस सुमारे १.१५ डॉलर पडतात. परंतु ग्रंथ सतत मागणीत असला तरच हा हिशेब लागू होतो. दोन वर्षांत चारच वाचकांनी तो मागितला तर प्रत्येक वाचनास १५ डॉलर खर्च येतो. छापील ग्रंथाचा दर वाचकामागील खर्च वर्षागणिक कमी होत जातो. मुदतीच्या परवान्यात तो दर दोन वर्षांनी पुन्हा मूळपदावर येतो. परिणामी लोकप्रिय कादंबरीचा परवाना नूतनीकृत होतो आणि मोजक्या अभ्यासकांना लागणारा ग्रंथ प्रथम गळतो.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी शेवटचे सूत्र ग्रंथालयास वर्धिष्णू संस्था मानते. मुदतीच्या परवान्यांवर उभारलेला संग्रह नव्या ग्रंथांसाठी काही न करताही दरवर्षी खर्च मागतो आणि तो खर्च थांबताच आकुंचन पावतो.

२) प्रतीक्षेचा खर्च : डिजिटल फाइल एकाच वेळी हजारो वाचकांस देणे तांत्रिकदृष्ट्या शक्य असते. कुलूप मात्र एका प्रतीस एक वाचक हा नियम कृत्रिमरीत्या पाळावयास लावते. नोव्हेंबर २०१९ पासून मॅकमिलनने आणखी एक अट लागू केली : नवा ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर पहिले आठ आठवडे प्रत्येक ग्रंथालय यंत्रणेस, तिचा विस्तार कितीही असो, एकच ई-प्रत मिळेल. चौदा दिवसांच्या मुदतीने आठ आठवड्यांत चार वाचक होतात. वॉशिंग्टन राज्यातील किंग काउंटी ग्रंथालय यंत्रणा दहा लाखांहून अधिक लोकवस्तीस सेवा देते, तिलाही चारच. या यंत्रणेने मॅकमिलनच्या नव्या ई-ग्रंथांची खरेदी थांबविली आणि इतर अनेक यंत्रणांनी तिचे अनुकरण केले. मार्च २०२० मध्ये प्रकाशकाने ही अट मागे घेतली.

३) मंचाचा खर्च : कुलपाची यंत्रणा उभारण्यासाठी सर्व्हरचा परवाना, वार्षिक देखभाल आणि प्रत्येक देवघेवीमागील शुल्क असा खर्च येतो. हा भार व तांत्रिक जबाबदारी पेलणे बहुतेक ग्रंथालयांना शक्य नसल्याने ती मध्यस्थ कंपनीवर अवलंबून राहतात. अमेरिकेत ओव्हरड्राइव्ह ही त्यांतील प्रमुख कंपनी होय. २०११ साली कॅन्सस राज्य ग्रंथालयाने मंचाच्या शुल्कात कित्येक पटींनी होणाऱ्या वाढीमुळे तिच्याशी असलेला करार संपविला आणि विकत घेतलेले ग्रंथ दुसऱ्या मंचावर नेण्याचा निर्णय घेतला. तेव्हा प्रत्येक प्रकाशकाकडून स्वतंत्र अनुमती मिळवावी लागली आणि सर्वांनी ती दिली नाही. ग्रंथालयाने दुसरी इमारत घेतल्यास छापील ग्रंथ नेण्यासाठी कोणाचीही अनुमती लागत नाही. लागते ती वाहतुकीची व्यवस्था. विकत घेणे या शब्दाचा अर्थ किती पातळ झाला आहे, हे या प्रसंगातून दिसून आले.

४) वाचकाच्या गोपनीयतेचा खर्च : कोणी कोणता ग्रंथ वाचला याची गुप्तता राखणे हे ग्रंथपालाचे व्यावसायिक कर्तव्य आहे. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत तसे कायदेही आहेत. परंतु कुलूप उघडण्यासाठी वाचकाची ओळख पटवावी लागते आणि ती माहिती ग्रंथालयाबाहेर जाते. ऑक्टोबर २०१४ मध्ये अडोबीच्या वाचन-आज्ञावलीची तत्कालीन आवृत्ती, वाचक कोणता ग्रंथ व कोणती पाने वाचतो याची माहिती कोणत्याही सांकेतिक संरक्षणाविना कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवीत असल्याचे उघड झाले. कंपनीने पुढील आवृत्तीत ही माहिती सांकेतिक रूपात पाठविण्यास प्रारंभ केला. परंतु माहिती जाणे थांबले नाही.

५) दृष्टिहीन वाचकांचा खर्च : संगणकीय आवाजात वाचून दाखविता येणे हे ई-ग्रंथाचे दृष्टिहीनांसाठी सर्वांत मोठे वरदान होय. तथापि कुलपाद्वारे ही सोय बंद करता येते. २००९ मध्ये किंडलच्या वाचून दाखविण्याच्या सुविधेस अमेरिकेतील लेखकसंघाने आक्षेप घेतला आणि ॲमेझॉनने ती चालू ठेवावी की बंद, हा निर्णय हक्कधारकांवर सोपविला. तेथील कायद्यात अशा कुलपातून दृष्टिहीनांना सवलत मिळते. परंतु ती कायम नसून दर तीन वर्षांनी पुन्हा मिळवावी लागते.

६) जतनाचा खर्च : दीर्घकालीन विचार करता हा खर्च सर्वांत मोठा होय. डिजिटल सामग्री टिकविण्यासाठी तिच्या अनेक प्रती ठेवाव्या लागतात आणि ठरावीक काळाने ती नव्या स्वरूपात न्यावी लागते. कुलूप या दोन्ही गोष्टींस मज्जाव करते. शिवाय किल्ली देणारा सर्व्हर बंद पडला, की ग्रंथही संपतो. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-ग्रंथ विक्रीकेंद्र बंद केले तेव्हा ग्राहकांनी घेतलेले ग्रंथ उघडेनासे झाले. कंपनीने पैसे परत केले, ग्रंथ मात्र परत मिळाले नाहीत. शैक्षणिक क्षेत्रातील उदाहरण अधिक बोलके आहे. ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस, सत्र सुरू होण्याच्या सुमारास, वायली या प्रकाशकाने प्रोक्वेस्टच्या वर्गणीतील संग्रहातून १,३०० हून अधिक ई-ग्रंथ काढून घेतले. त्यांपैकी काही प्राध्यापकांनी अभ्यासक्रमास नेमलेले होते. निषेधानंतर हे ग्रंथ काही काळापुरते पूर्ववत करण्यात आले. यात कुलपाचा थेट संबंध नसला, तरी प्रत ग्रंथालयाच्या ताब्यात नसण्याचा परिणाम तोच झाला.

प्रकाशकांची भूमिका

प्रकाशकांची चिंता निराधार आहे असे म्हणता येणार नाही. छापील ग्रंथ घेण्यासाठी वाचकास ग्रंथालयात जावे लागते, ग्रंथ उपलब्ध नसल्यास थांबावे लागते आणि मुदतीत परत करावा लागतो. हे कष्ट विक्रीचे अप्रत्यक्ष संरक्षण करतात. घरबसल्या विनामूल्य मिळणारा ई-ग्रंथ हे संरक्षण नाहीसे करतो आणि त्याची झळ लेखकाच्या मानधनास लागू शकते. मुदत संपल्यावर प्रत परत येईल याची हमी देणारी काहीतरी व्यवस्था असल्याखेरीज बहुतेक प्रकाशक ग्रंथालयास ई-ग्रंथ देण्यास तयार होणार नाहीत, हेही खरे.

प्रश्न परिणामकारकतेचा आहे. अडोबीच्या कुलपाचा भेद करण्याची रीत २००९ मध्येच तज्ज्ञांनी प्रसिद्ध केली होती. ज्यास चोरी करावयाची आहे त्यास कुलूप फारसे अडवीत नाही. नियम पाळणारे ग्रंथालय व त्याचा वाचक मात्र प्रत्येक अटीचा भार सोसतात.

न्यायालयीन व वैधानिक प्रयत्न

युरोपीय न्यायालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये नेदरलँड्समधील ग्रंथालयांच्या प्रकरणात असा निर्णय दिला, की एका प्रतीस एक वाचक हे बंधन पाळून आणि मुदतीनंतर प्रत निरुपयोगी होईल अशी व्यवस्था करून ई-ग्रंथ देणे हे छापील ग्रंथाच्या देवघेवीसारखेच मानता येईल. लेखकाच्या योग्य मोबदल्याची तरतूदही त्यात अभिप्रेत आहे. या निर्णयात प्रत परतण्याचे तंत्र स्वीकारले आहे. पण ते ग्रंथालयाच्या हक्काचे साधन म्हणून.

अमेरिकेत मात्र प्रवाह उलट दिशेने गेला. मेरिलँड राज्याने प्रकाशकांना वाजवी अटींवर ग्रंथालयांस ई-ग्रंथ देण्यास बांधणारा कायदा केला. २०२२ मध्ये न्यायालयाने तो केंद्रीय प्रतिमुद्राधिकार कायद्याशी विसंगत ठरविला. स्वतःच्या छापील ग्रंथांच्या प्रतिमा तयार करून एका प्रतीस एक वाचक या तत्त्वाने देवघेव करणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हविरुद्ध चार प्रकाशकांनी २०२० मध्ये दावा लावला. तिचा बचाव २०२३ मध्ये जिल्हा न्यायालयाने आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयाने अमान्य केला.

भारतीय कायदा आणि महाविद्यालयीन ग्रंथालये

भारताने प्रतिमुद्राधिकार अधिनियम, १९५७ मध्ये २०१२ साली केलेल्या दुरुस्तीने कलम ६५अ समाविष्ट केले. हक्कभंग करण्याच्या उद्देशाने संरक्षक तंत्र भेदल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंडाची शिक्षा त्यात आहे. अमेरिकन कायद्याशी तुलना करता ही तरतूद सौम्य व समतोल आहे, कारण येथे उद्देशास महत्त्व आहे. अधिनियमाने स्पष्टपणे निषिद्ध न केलेल्या प्रयोजनासाठी कुलूप उघडण्यास वाव ठेवण्यात आला आहे. त्याच दुरुस्तीने दिव्यांग व्यक्तींसाठी सुगम स्वरूपातील प्रती तयार करण्यास मुभा दिली. दृष्टिहीनांसाठीच्या २०१३ च्या माराकेश कराराचे अनुसमर्थन करणारा भारत हा पहिला देश होय.

तथापि कायद्याने दिलेला वाव व्यवहारात उतरतोच असे नाही. कलम ५२ अन्वये अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयास जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवता येते; परंतु त्या ग्रंथाची डिजिटल नसलेली प्रत आधीपासून संग्रही असली तरच. केवळ ई-रूपात निघालेल्या ग्रंथास या तरतुदीचा आधार मिळत नाही. तसेच ग्रंथ परकीय मंचावर असेल तर कुलूप उघडण्याचा अधिकार असूनही फाइलच ग्रंथालयाच्या हाती नसते.

महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालये इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्ट या योजनेद्वारे ई-ग्रंथ व नियतकालिके वापरतात. अल्प शुल्कात विपुल सामग्री मिळते, हा तिचा मोठाच लाभ आहे. परंतु तिचे सभासदत्व वार्षिक असते. वर्गणीतील ग्रंथांची संख्या व दाखल नोंदवहीतील ग्रंथांची संख्या या एका रकान्यात मांडण्याजोग्या गोष्टी नाहीत. पहिली संख्या एका वर्षाची आहे, दुसरी पिढ्यांची. छापील ग्रंथांची खरेदी कमी करून ई-ग्रंथांकडे वळताना हा भेद प्राध्यापकवर्गानेही ध्यानात घेणे आवश्यक आहे, कारण संदर्भग्रंथांची शिफारस तेच करतात.

उपलब्ध पर्याय

कुलूप असावेच लागले तरी ते एका कंपनीच्या हाती असण्याचे कारण नाही. युरोपात विकसित झालेली रेडियम एलसीपी ही व्यवस्था खुल्या मानकावर आधारलेली असून वाचनासाठी कोणत्याही एका कंपनीच्या खात्याची गरज ठेवीत नाही. सुगमतेचा विचारही तिच्या रचनेत आहे. स्प्रिंगरसारखा मोठा शैक्षणिक प्रकाशक ग्रंथालयांना कुलूपविरहित ई-ग्रंथ देतो. अमेरिकेतील डिजिटल पब्लिक लायब्ररीने २०२४ मध्ये स्वतंत्र प्रकाशकांच्या एका गटाशी करार केला. त्यानुसार ग्रंथालयांना ई-ग्रंथांची मालकी मिळू शकते. मालकी अशक्य असल्याचा युक्तिवाद या उदाहरणांमुळे दुबळा होतो.

महाविद्यालयीन ग्रंथालयांनी ई-ग्रंथांचा करार करण्यापूर्वी पुढील बाबी लेखी स्पष्ट करून घेणे इष्ट ठरेल :

१) ग्रंथ कायमचा मिळतो, की ठरावीक मुदतीसाठी वा ठरावीक देवघेवींपुरता?
२) मंच बंद पडल्यास किंवा करार संपल्यास ग्रंथाची फाइल ग्रंथालयाकडे राहते काय? ती दुसऱ्या मंचावर नेता येते काय?
३) दृष्टिहीन वाचकास वाचून दाखविण्याची सुविधा खुली आहे काय?
४) वाचकाची कोणती माहिती, कोणाकडे व किती काळ साठविली जाते?
५) कायद्याने दिलेल्या सवलतींवर करारातील एखादे कलम मर्यादा घालते काय?

निष्कर्ष

डिजिटल हक्क व्यवस्थापनाची किंमत ई-ग्रंथाच्या बिलावर छापलेल्या रकमेत पूर्णपणे दिसत नाही. तिचा काही भाग दर दोन वर्षांनी पुन्हा भरावा लागतो. काही भाग प्रतीक्षायादीतील वाचक, दृष्टिहीन विद्यार्थी आणि ज्याच्या वाचनाची नोंद परक्या सर्व्हरवर राहते तो सभासद मोजतो. आणि सर्वांत मोठा भाग, ज्यांना हे ग्रंथ सापडणार नाहीत अशा पुढील पिढ्यांतील अभ्यासकांच्या वाट्यास येतो. लेखक व प्रकाशक यांच्या हक्कांचे संरक्षण झालेच पाहिजे. त्यासाठी ग्रंथालयाने आपला संग्रह गमावण्याची आवश्यकता मात्र नाही. कुलूप आहे की नाही, यापेक्षा त्याची किल्ली कोणाकडे आहे हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ग्रंथालयाने तो करारावर स्वाक्षरी करण्यापूर्वी विचारला पाहिजे, कारण त्यानंतर अटी बदलून घेण्यास फारसा वाव उरत नाही.